आपली स्पर्धक आपणच आणायची

अबेना, अगं ऐक! शमीमला आणली! हो हो, मीच आणली. तिच्या दारात स्वतः जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चला, तुमची गरज आहे." आता हस बाई पोट धरून. इतकी वर्षं तू माझ्या मागे लागली होतीस आणि मी म्हणायचे, जीव गेला तरी नाही. जीव गेला तो तुझा. आणि मी तिला घेऊन आले तेव्हा बघायला तू नाहीस. मला आधी रडू नाही आलं, तुझा रागच आला.

तुला जाऊन अजून पंधरवडाही झालेला नाही. लोक म्हणतात, अशा वेळी शांत बसावं. मला शांत बसता येत असतं तर तुझी माझी मैत्री झाली असती का? मराठीत लिहितेय, चालेल ना? तुला मराठी येत नव्हती, पण मी चिडले की मराठीवर यायचे आणि तुला बरोब्बर कळायचं कुणाचा उद्धार चाललाय. "सिस्टर मेधा, हा वाईट शब्द आहे ना?" असं विचारून तो पाठ करून घ्यायचीस आणि मग भलत्याच ठिकाणी वापरायचीस. माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या साहेबांसमोर वापरलास तो तर मी जन्मात विसरणार नाही.

आपली ओळख सर्व्हिस लिफ्टमधली. इथे आखातात, अल रीम बेटावरच्या आपल्या टॉवरमध्ये माल घेऊन मेन लिफ्टने जायला बंदी, म्हणून मी मोदकांचे डबे घेऊन मागच्या लिफ्टने निघाले होते. तुझ्या हातात नुसती पर्स. मी विचारलं, रिकाम्या हाताने इकडून कशाला? तर तू अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलंस, "मी इथेच राहते. पण सिक्युरिटीवाल्याला वाटलं मी कुणाच्या तरी घरी कामाला आहे. त्याने इकडे पाठवलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबे तिथेच ठेवून मी त्याला झापायला निघाले, तर तू माझं मनगट धरलंस. "थांब. आधी ह्या डब्यांत काय आहे ते सांग."

लिफ्ट वर पोचेपर्यंत तू एक मोदक संपवलास. तेवढ्यात मला कळलं की तू घानाची, कुमासी गावची, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत तुझी शिवणकामाची वर्कशॉप आहे, आणि साइटवर काम करणाऱ्या बायकांसाठी तू त्यांच्या मापाचे कव्हरऑल शिवतेस, कारण बाजारात मिळतात ते सगळे पुरुषी मापाचे आणि बायका बिचाऱ्या बाह्या दुमडून दुमडून थकतात. अबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेली, असंही सांगितलंस. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडची मंगळा! तेव्हापासून माझ्या फोनमध्ये तू मंगळाच आहेस. अजून आहेस. काढणार नाही.

नंतर तो सिक्युरिटीवाला तुला ओळखायला लागला, सलाम ठोकायला लागला, तरी तू मुद्दाम सर्व्हिस लिफ्टनेच जायचीस. "मेन लिफ्टमध्ये सगळे फोनात डोकं घालून उभे असतात. धंदा करणाऱ्या बायका इकडे भेटतात." खरंच भेटल्या. केकवाली भेटली, फुलांच्या माळा करणारी भेटली, ब्लाउज शिवणारी, हिशोब लिहिणारी, आणि कुठली कुठली. प्रत्येकीला तू एकच वाक्य म्हणायचीस, "शनिवारी सकाळी माझ्याकडे चहाला ये." असं जमत गेलं आपलं ते शनिवारचं टेबल. कुणाला लायसन्सचे कागद कळत नसत, कुणाचं गिऱ्हाईक उद्धट असे, कुणाला नुसतं कुणाशी तरी बोलायचं असे. तुझ्या त्या टेबलाभोवती मी कितीतरी जणींना रडत आलेलं आणि खिदळत गेलेलं पाहिलंय.

पण तुझा तो नियम! एक दिवस मस्त चहा पिता पिता जाहीर केलंस, "आता प्रत्येकीने आपली स्पर्धक आणायची. जी तुझंच काम करते, जी तुझी गिऱ्हाइकं पळवते, तिला. दुसऱ्या कुणी नाही आणायची, जिची स्पर्धक असेल तिनेच आणायची." मी लगेच उसळले, "वेड लागलंय का? हे म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं!"

तेव्हा तू मारिसेलची गोष्ट सांगितलीस. मारिसेल फिलिपिन्सची, मुसफ्फातच शिवणकाम करणारी, तुझी सख्खी वैरीण. एका कंपनीच्या ऑफिसात तुम्ही दोघी एकाच कामासाठी वाट बघत बसला होतात. रिसेप्शनवरचा माणूस तुला म्हणाला, "तुमचे सर कुठे आहेत? त्यांना पाठवा." तू तोंड उघडायच्या आत मारिसेल ताडकन उठली. "हिची सर हीच आहे," म्हणाली. तिला गप्प बसता आलं असतं. गप्प बसली असती तर काम तिलाच मिळालं असतं. तू म्हणालीस, "माझ्यासारखीला हे लोक जेमतेम एक जागा ठेवतात. मग दुसरी कुणी दिसली की मला वाटतं माझी गेली. ती भीती मला नको आहे. आणि अजून एक. मी उद्या आजारी पडले तर मैत्रिणी काय करतील? सूप आणतील. माझी ऑर्डर कोण पुरी करेल? जिला शिवता येतं तीच ना?"

बोलणं तुझं नेहमी असंच. ऐकताना पटायचं आणि घरी येऊन विचार केला की घाम फुटायचा.

माझी स्पर्धक कोण हे तुला पक्कं ठाऊक होतं. मुसफ्फामधली शमीम, रत्नागिरीकडची, मोठ्या किचनची मालकीण. बिर्याणी करायची ती करायची, पण गणपतीत उकडीचे मोदकही करायची! आणि रीमवरची आपली मराठी मंडळी, जी माझ्याकडून वर्षानुवर्षं घेत होती, ती हळूहळू तिकडे वळायला लागली. एक बाई मला तोंडावर म्हणाली, "मेधा, रागावू नकोस हं, पण शमीमच्या कळ्या बघ एकदा." रागावू नकोस म्हणे! मी शमीमला पाण्यात पाहायचे. दर शनिवारी तू विचारायचीस, "आणलीस?" आणि दर शनिवारी मी म्हणायचे, "इन्शाल्ला." तुला माहीत होतं माझा इन्शाल्ला म्हणजे काय.

ह्या वादात तू शेवटपर्यंत हरली नाहीस आणि मीही नाही. पण तू एकदाही आवाज चढवला नाहीस. कुणावरच कधी चढवायची नाहीस. दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्याच एका मराठी बाईने तुला पाणी आणायला सांगितलं होतं, कामवाली समजून. तू शांतपणे पाणी आणून दिलंस आणि मग तिच्या शेजारी बसून गप्पा मारल्यास. मी मात्र त्या बाईला असं काही सुनावलं की तिचा नवरा मध्ये पडला. घरी येताना मी तुला विचारलं, तुला राग येत कसा नाही गं? तू म्हणालीस, "मी रागावले की म्हणतात, ह्या काळ्या बायका रागीटच. तू रागावलीस की म्हणतात, मेधा स्पष्टवक्ती आहे. म्हणून माझ्या वाटणीचंही तूच रागवत जा." वर हसलीस. तू किती थकत असशील हे मला तेव्हा विचारायचं होतं आणि ते राहून गेलं. आता विचारते. थकायचीस का गं, मंगळा?

बरं, आता मुद्द्याचं. तू गेल्यावर आम्ही जो घोळ घातला तो ऐक, तुला आवडेल.

तुझी मोठी बहीण एफुआ तुला न्यायला कुमासीहून आली. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, नीट वागायचं. म्हणजे काय, तर आपल्याला जे नीट वाटतं ते. मी ग्रुपवर मेसेज टाकला, "घरी गर्दी करू नका, दोघी-दोघींनी जा, लगेच निघा, त्यांना त्रास नको." आम्ही पांढरे, फिकट कपडे घातले. पडदे ओढले. कुजबुजत बोललो. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून मी पिठलं-भात नेला. एफुआने त्या पिठल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "थँक यू" म्हणाली. मला वाटलं, किती छान सांभाळलं आपण.

गुरुवारी मी डबा परत आणायला गेले तर ती तुझ्या टेबलाशी एकटी बसलेली. म्हणाली, "एक विचारू? माझी बहीण इथे कशी राहत होती? तिचं कुणाशी पटत नव्हतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"आमच्याकडे माणूस गेलं की रस्ता बंद होतो. मंडप, खुर्च्या, ढोल, सगळ्यांचे एकाच कापडाचे कपडे. माणसाने किती माणसं जोडली ते त्या दिवशी दिसतं. इथे दोघी येतात, हळूच बोलतात, पळतात. आई रोज फोनवर विचारते, कोण कोण आलं होतं? मी काय सांगू? ती आयुष्यभर इथून सांगायची, माझी इथे खूप माणसं आहेत. आईला आता वाटतंय, पोर खोटं बोलत होती."

अबेना! तुझी माणसं! तुझी माणसं नाहीत? आणि ती आली नाहीत ती माझ्याच मेसेजमुळे! शनिवारी संध्याकाळी तुमचं विमान. हातात उरला एक शुक्रवार आणि अर्धा शनिवार. मी तिथेच उभी राहून नवा मेसेज टाकला, "सगळ्यांनी या. घरच्यांना आणा, ओळखीच्यांना आणा. गर्दी करा! शनिवारी दुपारी, पार्टी हॉल."

मारिसेलला फोन केला तर ती तुझ्याच वर्कशॉपमध्ये होती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती तिथे बसून तुझी अर्धी राहिलेली कव्हरऑलची ऑर्डर पुरी करत होती, कॉलरला तुझंच लेबल लावून. कुणी सांगितलं नव्हतं तिला. म्हणाली, "एकाच कापडाचे पूर्ण कपडे होणार नाहीत, पण ओढण्या होतील. त्यांच्याकडे मयताला घालतात ते लाल-काळं कापड आणते. यल्ला!" आणि फोन ठेवला.

राहिलं जेवण. ते माझं काम. पण माझं घरातलं चार शेगड्यांचं किचन आणि तुमचा तो लाल भात नि चिकन! आमच्याकडे अंडंसुद्धा उकडत नाही. मी डोक्याला हात लावून बसले. इरा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट कॉल द बिर्याणी लेडी." पोरीला कळतं ते आईला कळत नाही. फोन नाही केला. गाडी काढली आणि मुसफ्फाला गेले.

शमीमने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या, मेधाताई. फार उशीर केलात."

"तुम्ही मला ओळखता?"

"माझ्या किचनचे अ‍ॅप्रन कोण शिवायचं? अबेनाच. दर वेळी माझं डोकं खायची, मेधाला फोन कर, तिला म्हण की मला शनिवारच्या टेबलाला ने. मी म्हटलं, मी का करू? नाकावर माशी बसू देत नाही ती बाई. तिने यावं."

काय गं तू! म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी भांडत होतीस? शनिवारी माझ्याशी, बाकीच्या दिवशी तिच्याशी? मी शमीमच्या दारात उभी राहून हसायला लागले, हसता हसता हुंदका आला, आणि ती अगदी कोरडेपणाने म्हणाली, "आत या आधी. रस्त्यात रडू नका, माझी गिऱ्हाइकं बघतायत."

जुम्म्याची नमाज झाल्यावर तिची माणसं कामाला लागली. तुमच्या लाल भाताची कृती एफुआने फोनवर सांगितली, शमीमने ती ऐकता ऐकताच त्यात तीन सुधारणा केल्या. आणि मग शनिवारी सकाळी आम्ही दोघी मोदकांना बसलो. मयताला मोदक! माझ्या आईने ऐकलं तर अंघोळच करेल. पण तुला आवडायचे, मग काय. शमीमने माझ्या उकडीत बोट खुपसलं. "पाणी कमी पडलंय. म्हणून कळी चिरते तुमची."

मी म्हटलं, "आणि तुमच्या सारणात जायफळ किती? डोकं धरेल लोकांचं!"

"ते गिऱ्हाइकांना विचारा. तुमचीच आहेत."

असं चाललं होतं सकाळभर. खरं सांगू? इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. घरात मोदकाबद्दल माझ्याशी भांडायला कोण आहे? शिरीषला दोन्ही सारखेच लागतात. जिला कळी कशी पडते ते कळतं तिच्याशीच भांडण्यात अर्थ आहे, हे तू म्हणाली होतीस तेव्हा मी कान बंद केले होते. तरीही तू पूर्ण बरोबर नव्हतीस हं. कालच माझं एक जुनं गिऱ्हाईक शमीमकडे गेलंय. त्यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं.

आणि मग हॉल! अबेना, काय सांगू! तुझ्या कव्हरऑलमधल्या बायका साइटवरून तशाच आल्या, बुटांना सिमेंट. तुझ्या चर्चची मंडळी ढोल घेऊन आली. आपलं शनिवारचं अख्खं टेबल आलं, जी ती आपली स्पर्धक घेऊन. मुसफ्फाच्या शिवणाऱ्या बसने आल्या. मारिसेल दारात उभी राहून प्रत्येकीच्या खांद्यावर लाल-काळी ओढणी टाकत होती, ती ओढणी मी माझ्या इरकलीवर घेतली आणि ढोल सुरू झाल्यावर नाचले. मी! गुडघा दुखतो म्हणून गरबा टाळणारी मी! बिल्डिंगचा मॅनेजर आवाज कमी करा म्हणत आला, त्याला मी माझ्या वाटणीचं आणि तुझ्या वाटणीचं मिळून ऐकवलं. तो जाताना मोदक घेऊन गेला.

एफुआ एकेकीला विचारत होती, तू माझ्या बहिणीची कोण? मारिसेल म्हणाली, "मी तिची स्पर्धक." अजून एक शिवणारी म्हणाली, "मीपण तिची स्पर्धक." एफुआ घाबरून माझ्याकडे आली. "हे सगळे तिचे शत्रू आहेत का?" मी तिला सगळं सांगत बसले आणि ती कपाळावर हात मारत राहिली. "एइ! लहानपणापासून अशीच आहे ती," म्हणाली.

माणसं येतच होती. आणि तेवढ्यात शमीम माझ्या कानाशी आली. चेहरा पांढराफटक. "मेधाताई, भात खलास."

"मोदक?"

"तेही."

आणि दारात अजून ही रांग! आमच्याकडे पंगतीत जेवण कमी पडलं तर पिढ्यान्‌पिढ्या नाव काढतात. आयुष्यात कधी माझ्या हातून असं झालं नव्हतं, शमीमच्याही नाही. आम्ही दोघी त्या रिकाम्या पातेल्यांपाशी मान खाली घालून उभ्या. शेवटी मीच एफुआकडे गेले, हात जोडले. "माफ कर. जेवण संपलं. अंदाज चुकला आमचा. इतके लोक येतील असं वाटलं नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. पातेल्यापाशी गेली, आत वाकून पाहिलं, डावाने तळ खरवडून पाहिला. मग कमरेचा फोन काढून कुमासीला लावला. पडद्यावर तुझी आई दिसली, डोक्याला फडकं बांधलेली, बारीकशी. एफुआने फोन त्या रिकाम्या पातेल्यात धरला, मग दुसऱ्या पातेल्यात, मग दारातल्या रांगेवरून फिरवला, आणि तुमच्या भाषेत इतक्या जोरात ओरडली की ढोल थांबले. तिकडे तुझी आई दोन्ही हात वर करून काहीतरी म्हणत होती आणि रडत होती आणि हसत होती, सगळं एकदम.

मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं की जेवण पुरलं नाही," एफुआ डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, आई, अबेनाची इतकी माणसं आली की जेवण पुरलं नाही!"